लहान शहर आणि त्याची उपनगरे : ‘जीएचएसएल’ या लोकसंख्या-सेवेचे परीक्षण

युरोपीय आयोगाच्या ‘जॉइंट रिसर्च सेंटर’ या संशोधन संस्थेने तयार केलेली ‘ग्लोबल ह्यूमन सेटलमेंट लेयर’, म्हणजेच ‘जीएचएसएल’, ही जगभरातील मानवी वस्तीची माहिती विनामूल्य उपलब्ध करून देणारी सेवा आहे. पृथ्वीवरील प्रत्येक वस्तीत किती बांधकाम आहे आणि तिथे किती माणसे राहत असावीत, याचा १९७५ पासून २०२० पर्यंतचा दर पाच वर्षांचा अंदाज तिच्यात मिळतो. २०२५ आणि २०३० या वर्षांसाठी पुढचे आकडेही दिलेले आहेत. या सेवेचे अनेक उपयोग आहेत. पूर, भूकंप, उष्णता, रस्ते, आरोग्यसेवा अशा कितीतरी विषयांवरचे अभ्यासक ती वापरतात. मी मात्र तिचे परीक्षण एकाच प्रश्नापुरते करणार आहे. एखाद्या लहान शहराची लोकसंख्या अधिक वेगाने वाढते आहे की त्याच्याभोवतीच्या उपनगरांची, हे या सेवेच्या आधारे खात्रीने सांगता येते का? माझे मत असे की वाढीची दिशा बहुतेक वेळा सांगता येते, वाढीचे प्रमाण मात्र फार सावधपणे सांगावे लागते. शिवाय शहर जितके लहान तितकी ही सावधगिरी अधिक आवश्यक ठरते.

अशा सेवेची गरज का भासते, हे आधी पाहिले पाहिजे. शहर आणि उपनगर यांची तुलना करण्याचा रूढ मार्ग म्हणजे जनगणनेतील शहराचा आकडा घ्यायचा आणि भोवतालच्या गावांच्या आकड्यांशी तो ताडून पाहायचा. या मार्गातील अडचण आकड्यांत कमी आणि हद्दीत जास्त असते. जपानमध्ये मार्च १९९९ मध्ये ३,२३२ स्थानिक स्वराज्य संस्था होत्या. विलीनीकरणाच्या मोठ्या लाटेनंतर मार्च २०१० मध्ये त्या १,७२७ उरल्या. डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या जागी ९८ नगरपालिका आणल्या. अशा प्रत्येक विलीनीकरणात कुठले तरी लहान शहर एका रात्रीत ‘वाढते’ आणि त्याची उपनगरे कागदावरून नाहीशी होतात, पण त्या रात्री एकही कुटुंब आपले घर बदलत नाही. दुसरीकडे, ज्या शहराची हद्द वर्षानुवर्षे बदललेली नाही, तिथे नवी वस्ती हद्दीबाहेर उभी राहते आणि शहर ‘थांबल्या’चा समज होतो. महानगरांना हा प्रश्न तुलनेने कमी छळतो, कारण दहा-वीस हजार माणसे इकडची तिकडे झाली तरी त्यांच्या एकूण चित्रात फारसा फरक पडत नाही. तीस हजार वस्तीच्या शहरात मात्र तेवढ्याच माणसांनी सगळा निष्कर्ष उलटतो.

हद्दीच्या जोडीला व्याख्येचा गोंधळ आहे. डेन्मार्कमध्ये २०० माणसांची सलग वस्तीही नागरी गणली जाते, जपानमध्ये शहराचा दर्जा मिळण्यासाठी साधारणपणे ५०,००० लोकसंख्या अपेक्षित असते, तर भारताच्या जनगणनेत किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि वर्षाचा बराच काळ काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात असणे, अशा तीन अटी एकत्र लावल्या जातात. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेसाठी नागरी क्षेत्राची किमान मर्यादा २,५०० माणसांवरून ५,००० माणसे किंवा २,००० घरे अशी वर नेली. परिणामी, त्या देशाच्या नागरी लोकसंख्येचा वाटा २०१० मधील ८०.७ टक्क्यांवरून २०२० मध्ये ८०.० टक्क्यांवर आला. नुसता आकडा वाचणाऱ्याला शहरे ओसरू लागल्याचा भास व्हावा. पण त्या दशकात नागरी लोकसंख्या प्रत्यक्षात वाढली होती. या बदलाची झळ नेमकी कुणाला लागली, तर सर्वांत लहान नागरी वस्त्यांना. ज्यांच्याबद्दल आपण बोलत आहोत, तीच शहरे व्याख्येच्या एका फटक्यात यादीबाहेर जातात.

‘जीएचएसएल’चा सगळ्यात मोठा गुण असा की ती प्रशासकीय हद्दीवर विसंबतच नाही. सगळ्या जगावर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरची जाळी टाकली जाते आणि प्रत्येक चौकोनात किती माणसे आहेत, त्यावरून त्या चौकोनाचा वर्ग ठरतो. या पद्धतीला ‘डिग्री ऑफ अर्बनायझेशन’ म्हणतात. युरोपीय संघ, अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना), यूएन-हॅबिटॅट (संयुक्त राष्ट्रांची मानवी वस्तीविषयक संस्था) आणि जागतिक बँक यांनी मिळून ती घडवली आणि संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये देशादेशांच्या तुलनेसाठी तिला मान्यता दिली. ज्या सलग चौकोनांत चौरस किलोमीटरला किमान १,५०० माणसे आहेत आणि ज्यांची एकत्रित लोकसंख्या किमान ५०,००० आहे, ते ‘नागरी केंद्र’. चौरस किलोमीटरला किमान ३०० माणसे आणि एकूण किमान ५,००० लोकसंख्या असलेले सलग चौकोन म्हणजे ‘नागरी पुंजका’. उरलेले सगळे ग्रामीण. देश कोणताही असो, मोजपट्टी हीच राहते. दोन वेगळ्या खंडांतील दोन लहान शहरांची तुलना करणाऱ्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

मात्र नवखा वापरणारा इथेच पहिल्यांदा फसू शकतो. ही वर्गवारी दोन पातळ्यांवर मिळते. पहिल्या पातळीवर फक्त तीन वर्ग असतात : शहरे, ‘नगरे आणि अर्धदाट क्षेत्रे’, आणि ग्रामीण भाग. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ च्या नागरीकरण अहवालात हीच वर्गवारी स्वीकारली आणि जगातील सुमारे ४५ टक्के लोक शहरांत, ३६ टक्के नगरांत आणि १९ टक्के ग्रामीण भागात राहतात असे सांगितले. यातला मधला वर्ग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, कारण स्वतंत्र उभे असलेले वीस हजार वस्तीचे नगर आणि एखाद्या मोठ्या शहराला चिकटलेले उपनगर हे दोन्ही त्यात एकत्र मोजले जातात. ज्या दोन गोष्टींची तुलना करायची, त्याच एका टोपलीत टाकल्यावर तुलना कशाची करणार? या वर्गाची वाढ पाहून ‘लहान शहरे वेगाने वाढत आहेत’ असे कुणी लिहिले, तर ती वाढ लहान शहरांची आहे की महानगरांच्या कडेची, हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

म्हणून या कामासाठी दुसरी पातळीच वापरावी. ‘जीएचएस-स्मॉड’ नावाच्या थरात, म्हणजे या सेवेतील नकाशारूप माहितीच्या एका संचात, प्रत्येक चौकोनाला एक संकेतांक दिलेला असतो. ३० म्हणजे नागरी केंद्र, २३ म्हणजे दाट नागरी पुंजका, २२ म्हणजे अर्धदाट पुंजका आणि २१ म्हणजे उपनगरी किंवा शहराच्या सीमेवरील क्षेत्र. त्याखाली १३, १२ आणि ११ हे ग्रामीण वर्ग येतात आणि १० हा संकेतांक पाण्यासाठी आहे. चौरस किलोमीटरला १,५०० ची घनता आहे, पण एकूण लोकसंख्या ५,००० ते ५०,००० यांच्या दरम्यान आहे, असे पुंजके २३ मध्ये येतात. जगातील बहुसंख्य लहान शहरे इथे सापडतात. अर्धदाट पुंजका हा दाट वस्तीपासून किमान तीन किलोमीटर दूर असावा लागतो. जी अर्धदाट वस्ती दाट वस्तीला लागून किंवा तिच्या अगदी जवळ आहे, ती २१ मध्ये, म्हणजे उपनगरांत जाते. ही विभागणी विचारपूर्वक केलेली आहे आणि पहिल्या पातळीवरील गोंधळ तिने बराच दूर होतो.

तरीही २१ हा संकेतांक म्हणजेच ‘उपनगर’ असे समजणे मला मान्य नाही, आणि याची कारणे थोडी विस्ताराने सांगावी लागतील. पहिले कारण असे की ही व्याख्या केवळ घनतेवर उभी आहे. एका हेक्टरला एक घर आणि एका घरात सरासरी अडीच माणसे, अशी मोठ्या भूखंडांची वसाहत धरली, तर तिची घनता चौरस किलोमीटरला २५० भरते. तिथले सगळे लोक रोज शहरात कामाला जात असले, त्यांची मुले शहरातल्या शाळेत शिकत असली, तरी ही वसाहत ३०० च्या खाली राहिल्यामुळे ‘ग्रामीण’ ठरते. ज्या देशांत उपनगरे विरळ आणि पसरट असतात, तिथे त्यांच्या वाढीचा एक भाग अशा रीतीने ग्रामीण वाढ म्हणून नोंदला जातो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि प्रसिद्ध होणाऱ्या तुलनांमध्ये त्याची दखल अपवादानेच घेतली जाते असे मला वाटते. शहराला लागून असलेले उपनगर भरत गेले आणि त्याची घनता १,५०० च्या वर गेली, की ते चौकोन शहराच्या वर्गात सामील होतात. म्हणजे जे उपनगर सर्वाधिक वाढले, तेच पुढच्या मोजणीत उपनगर राहत नाही. त्याची सगळी लोकसंख्या, जुनी आणि नवी दोन्ही, शहराच्या खात्यात जमा होते. कुणी १९९० मधील २१ संकेतांकाची बेरीज आणि २०२० मधील २१ संकेतांकाची बेरीज घेऊन त्यांची तुलना करत असेल, तर तो दोन वेगवेगळ्या जागांची तुलना करत आहे. शहराची वाढ त्यात फुगलेली दिसते आणि उपनगरांची वाढ दबलेली दिसते. हीच घटना उलट दिशेनेही घडते. जुन्या गावठाणातील घरांत माणसे कमी झाली आणि एखादा कडेचा चौकोन १,५०० च्या खाली घसरला, तर तो शहरातून निघून उपनगरात जातो आणि शहराची घट प्रत्यक्षाहून मोठी दिसते.

लहान शहराला हा दोष जास्त का बाधतो, तर चौकोनाचे आकारमान मोठे आहे म्हणून. दहा चौरस किलोमीटरवर वसलेले शहर या जाळीत साधारण दहा चौकोनांचे असते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक चौकोन कडेचे असतात. एका चौकोनाचा वर्ग बदलला तरी शहराचे क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी हलते. शिवाय नागरी केंद्र ठरवताना फक्त बाजूने जोडलेले चौकोन सलग मानतात, कोपऱ्याने जोडलेले मानत नाहीत. पुंजका ठरवताना मात्र कोपऱ्याची जोडणीही चालते. त्यामुळे नदीपलीकडचा किंवा रेल्वेमार्गापलीकडचा एखादा भाग एका वर्षी शहराला जोडलेला आणि दुसऱ्या वर्षी तुटलेला दिसू शकतो. पन्नास हजारांच्या उंबरठ्याचेही तसेच आहे. अठ्ठेचाळीस हजारांचे शहर बावन्न हजारांवर गेले की ते एका यादीतून नाहीसे होऊन दुसऱ्या यादीत उगवते, आणि ‘लहान शहरां’ची एकूण लोकसंख्या त्या एका वाढीमुळेच घटलेली दिसते.

यावर मला पटलेला उपाय असा. वर्ग वर्षागणिक बदलू द्यायचे नाहीत. आधी जुन्या वर्षाची, समजा १९९० ची, शहराची आणि उपनगरांची कड कायम धरावी आणि त्या दोन ठरलेल्या जागांमध्ये प्रत्येक वर्षी किती माणसे होती याची बेरीज लोकसंख्येच्या थरातून घ्यावी. नंतर हीच बेरीज २०२० ची कड कायम धरून पुन्हा करावी. जुनी कड धरल्यावर शहर लहान राहते आणि बाहेरची वाढ ठळक होते. नवी कड धरल्यावर पूर्वीची उपनगरे शहरात धरली जातात आणि शहराची वाढ ठळक होते. दोन्ही कडांनी एकच दिशा दाखवली, तर तो निष्कर्ष भक्कम समजावा. दोन कडांनी परस्परविरोधी उत्तरे दिली, तर त्या शहराविषयी ‘मधली वस्ती शहरात विरघळते आहे’ एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. या पद्धतीला वेळ लागतो, पण ती करण्याची मुभा ही सेवा देते आणि प्रशासकीय आकडे बहुधा देत नाहीत. या सेवेला माझी पसंती असण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आता या सेवेच्या मुळाशी असलेल्या मर्यादेकडे येतो. ‘जीएचएस-पॉप’ या थरातील माणसे चौकोनात कुणी जाऊन मोजलेली नाहीत. जनगणनेच्या एखाद्या भूभागाची एकूण लोकसंख्या घेतली जाते आणि त्या भूभागातील बांधकाम कुठे आहे, त्याचे घनफळ किती आहे आणि ते निवासी आहे की अन्य प्रकारचे आहे, यावरून ती लोकसंख्या चौकोनांत वाटली जाते. बांधकामाची माहिती उपग्रहांच्या चित्रांतून येते. देशांची एकूण बेरीज संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या-अंदाजांशी जुळवलेली असते. ही पद्धत लपवलेली नाही. तिची कागदपत्रे ती स्पष्टपणे सांगतात. परिणाम मात्र असा होतो की जिथे जनगणनेचे भूभाग लहान आहेत तिथे चौकोनातील आकडा वास्तवाच्या जवळ असतो, आणि जिथे एकच मोठा भूभाग शहर आणि उपनगरे या दोहोंना पोटात घेतो, तिथे त्या दोघांमधील वाटणी ही माणसांची नसून इमारतींची असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका भूभागात एक लहान शहर आणि त्याची उपनगरे मिळून ६०,००० माणसे आहेत आणि निवासी बांधकामाच्या घनफळापैकी ८० टक्के शहरात, २० टक्के उपनगरांत आहे. वाटणी होते ४८,००० आणि १२,०००. काही वर्षांनी एकूण लोकसंख्या ६६,००० झाली आणि दरम्यान उपनगरांत मोठमोठी घरे उभी राहिल्यामुळे बांधकामाचे प्रमाण ७० आणि ३० असे झाले. आता वाटणी होते ४६,२०० आणि १९,८००. यावरून शहर पावणेचार टक्क्यांनी घटले आणि उपनगरे ६५ टक्क्यांनी वाढली, असा निष्कर्ष निघतो. पण उपनगरांतील नव्या घरांपैकी बरीच रिकामी असतील, किंवा एका प्रशस्त घरात दोनच माणसे राहत असतील, तर खरे आकडे शहरात ५२,००० आणि उपनगरांत १४,००० असेही असू शकतात. मग शहर आठ टक्क्यांहून अधिक वाढलेले असते आणि उपनगरे सुमारे सतरा टक्के. उपनगरे वेगाने वाढली हे दोन्ही हिशेबांत खरे ठरते, परंतु शहर ओसरले की वाढले या प्रश्नाचे उत्तर उलटे येते.

ही चूक बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकते. शहराच्या कडेला घरे आधी बांधली जातात आणि माणसे नंतर येतात. तिथे सुट्टीपुरती वापरली जाणारी घरे, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली घरे आणि अर्धवट बांधलेल्या इमारती जास्त असतात. दरडोई जागाही सहसा अधिक असते. जुन्या शहरात एकाच खोलीत अनेक माणसे राहत असली तरी उपग्रहाला ती दिसत नाहीत. म्हणून जनगणनेचे भूभाग मोठे असलेल्या देशांत ही सेवा उपनगरांची वाढ प्रत्यक्षाहून जास्त दाखवण्याची शक्यता मी अधिक मानतो. यालाही अपवाद आहे. शहराच्या कडेला दाटीवाटीची, कमी उंचीची गरीब वस्ती असेल, तर इमारतींचे घनफळ थोडे आणि माणसे पुष्कळ, अशी स्थिती होऊन तिथली लोकसंख्या कमी दाखवली जाते. आपण अभ्यासत असलेल्या शहराची कड यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे आकडे उतरवून घेण्याआधी माहीत असले पाहिजे.

काळाच्या बाबतीतही सगळी वर्षे सारख्या तोलाची नाहीत. १९७५ चे चित्र लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेतील सुरुवातीच्या उपग्रहांवर अवलंबून आहे, आणि त्यांना सुमारे ऐंशी मीटरपेक्षा बारीक तपशील टिपता येत नव्हता. १९८० च्या दशकात ही क्षमता तीस मीटरवर आली, आणि २०१५ मध्ये पहिला सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह सोडल्यावर दहा मीटरवर. झाडीतली विखुरलेली घरे जुन्या चित्रांत सुटतात आणि नव्या चित्रांत सापडतात. उपनगरांची १९७५ पासूनची वाढ त्यामुळे काही अंशी कॅमेऱ्याची वाढ असू शकते. मी स्वतः १९९० च्या आधीच्या वर्षांवर लहान शहरांबाबत कोणताही निष्कर्ष उभा करणार नाही. २०२५ आणि २०३० चे आकडे ही निरीक्षणे नाहीत, ते पुढे ताणलेले अंदाज आहेत. आलेखात ते तुटक रेषेनेच दाखवावेत. ज्या देशांत शेवटची पूर्ण झालेली जनगणना जुनी आहे, उदाहरणार्थ भारतात २०११ ची, तिथे २०१५ आणि २०२० चे आकडेसुद्धा बऱ्याच अंशी अंदाजच असतात.

प्रत्यक्ष वापराविषयी थोडक्यात सांगतो. माहिती उतरवून घेण्यासाठी शुल्क नाही आणि मूळ स्रोताचा उल्लेख करून ती पुन्हा वापरण्याची परवानगी आहे. नकाशावर हवा तो भाग निवडून तेवढाच तुकडा घेता येतो. फायली जिओटिफ या नकाशा-चित्रांच्या स्वरूपात असतात आणि क्यूजीआयएस या नकाशे हाताळण्याच्या विनामूल्य प्रणालीत सहज उघडतात. माहिती दोन प्रकारच्या प्रक्षेपांत, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या दोन पद्धतींत, मिळते. घनतेचा आणि क्षेत्रफळाचा हिशेब करायचा असल्यास मोलवाइड प्रक्षेपातली आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात प्रत्येक चौकोनाचे क्षेत्रफळ समान असते; अक्षांश-रेखांशांच्या आवृत्तीत विषुववृत्तापासून दूर जावे तसे चौकोन अरुंद होतात आणि घनतेचा हिशेब चुकतो. शंभर मीटरच्या जाळीतली लोकसंख्याही उपलब्ध आहे, पण लहान शहराच्या बाबतीत ती पाहून फार हरखून जाऊ नये. वाटणीचा आधार तोच असताना चौकोन बारीक केल्याने माहिती अधिक अचूक होत नाही.

ज्यांना नकाशांत शिरायचे नाही, त्यांच्यासाठी नागरी केंद्रांची तयार सूची आहे आणि तिच्या २०२४ च्या आवृत्तीत जगातील अकरा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. सूची उत्तम आहे, पण आपल्या प्रश्नासाठी ती अपुरी पडते. पन्नास हजारांखालची शहरे तिच्यात नाहीत आणि उपनगरांसाठी वेगळा रकाना नाही. तरीही तिची व्याप्ती जुन्या साधनांपेक्षा कितीतरी मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या नागरीकरण अहवालात शहरनिहाय आकडे फक्त तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांचे होते, आणि त्याच अहवालाने जगातील जवळपास निम्मे नागरी लोक पाच लाखांहून लहान वस्त्यांत राहतात असेही सांगितले होते. जगातील नागरी माणसांचा एवढा मोठा हिस्सा ज्या वस्त्यांत राहतो, त्यांतील बहुतेकींची नावेसुद्धा तुलनेच्या तक्त्यांत नव्हती, ही मला गंभीर उणीव वाटत आली आहे.

उपनगराची व्याख्या घनतेऐवजी रोजच्या जाण्यायेण्यावर करावी, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी बराचसा सहमत आहे. ओईसीडी आणि युरोपीय संघाच्या व्याख्येत ज्या स्थानिक क्षेत्रातील किमान १५ टक्के कामकरी रहिवासी शहरात कामाला जातात, ते त्या शहराच्या प्रभावक्षेत्रात धरले जाते. ‘जीएचएसएल’मध्ये जगभरासाठी अशी कार्यात्मक क्षेत्रेही आखून दिलेली आहेत, पण बहुतेक देशांत जाण्यायेण्याची मोजणीच होत नसल्यामुळे ती अंतर, लोकसंख्या अशा गोष्टींवरून अंदाजाने काढलेली आहेत. शिवाय ती नागरी केंद्रांभोवतीच आखलेली असल्याने पन्नास हजारांखालच्या शहरांना त्यांचा उपयोग नाही. ज्या देशात जाण्यायेण्याची खरी आकडेवारी मिळते, तिथे ती आधी वापरावी.

पर्यायी साधनांपैकी ‘वर्ल्डपॉप’ ही साउदॅम्प्टन विद्यापीठातील गटाची सेवा शंभर मीटरच्या जाळीत दरवर्षीचे आकडे देते. पाच वर्षांचे अंतर ज्यांना मोठे वाटते त्यांनी ती जोडीला ठेवावी. दोन्ही सेवा जनगणनेचीच बेरीज वाटून देतात, त्यामुळे त्यांचे उत्तर जुळले म्हणून ते दोन स्वतंत्र साक्षीदारांनी दिलेले उत्तर समजू नये. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेची ‘लँडस्कॅन ग्लोबल’ ही जागतिक सेवा मात्र या प्रश्नासाठी टाळलेलीच बरी. ती रात्रीची निवासी लोकसंख्या देत नाही, तर चोवीस तासांची सरासरी उपस्थिती देते. उपनगरात राहणारा आणि दिवसभर शहरात काम करणारा माणूस तिच्या हिशेबात अंशतः शहराचा होतो. आपत्ती व्यवस्थापनासाठी ते योग्य आहे, पण शहर विरुद्ध उपनगर या तुलनेत त्याने घोटाळा होतो.

आकडे हाती आल्यावर ते मांडण्याबाबत माझा एक आग्रह आहे. टक्केवारी कधीही एकटी छापू नये. दोन हजारांचे उपनगर तीन हजारांचे झाले तर वाढ ५० टक्के. चाळीस हजारांचे शहर बेचाळीस हजारांचे झाले तर वाढ ५ टक्के. तक्त्यात उपनगर दहापट वेगाने धावताना दिसते, परंतु शहरात दोन हजार माणसे वाढली आणि उपनगरात एक हजार. पाणीपुरवठा, शाळेच्या खोल्या, दवाखान्यातील खाटा यांची तजवीज माणसांच्या संख्येवर करावी लागते, टक्क्यांवर नाही. अनेक देशांत सरकारी अनुदानाची वाटणी लोकसंख्येवर ठरते. लहान शहर आपल्या उपनगरांतील लोकांनाही रस्ते, बाजार, इस्पितळ आणि शाळा पुरवत असते, पण अनुदान मात्र त्याला हद्दीतील माणसांपुरतेच मिळते. ‘शहर ओसरते आहे’ असा निष्कर्ष चुकीच्या वाटणीवरून काढला गेला, तर त्याचा फटका अशा शहराला प्रत्यक्ष पैशांत बसतो. म्हणूनच या आकड्यांच्या बाबतीत मी एवढा काटेकोर आहे.

तेव्हा ही सेवा कुणी वापरावी? एकाच प्रदेशातील अनेक लहान शहरांचा कल पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने, पत्रकाराने किंवा नियोजनकाराने ती निःसंकोच वापरावी, कारण अनेक शहरे एकत्र घेतल्यावर कडेच्या चौकोनांच्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना काटतात आणि हद्दीचा गोंधळ तर उरतच नाही. एकाच शहराचा प्रश्न असेल, तर तिथल्या जनगणनेचे सर्वांत लहान भूभाग केवढे आहेत हे आधी तपासावे. शहर आणि उपनगरे वेगवेगळ्या भूभागांत येत असतील, तर त्या दोहोंमधील फरक जनगणनेच्या मोजणीतून आलेला आहे असे मानता येते. दोन्ही एकाच भूभागात असतील, तर या सेवेचा आकडा लोकसंख्या म्हणून उद्धृत करू नये. बांधकाम किती पसरले एवढेच त्यावरून सांगावे, आणि त्यासाठी बांधकामाचा थर थेट वापरणे अधिक सरळ आहे.

ज्यांच्याकडे याहून चांगली लोकसंख्येची जाळी आहे, त्यांच्यासाठी याच संस्थेने ‘जीएचएस-डग’ नावाचे साधन विनामूल्य दिले आहे. आपली स्वतःची जाळी त्यात घातली की तेच उंबरठे लावून शहर, नगर, उपनगर आणि ग्रामीण असे वर्ग ते आखून देते. फिनलंड आणि स्वीडनसारखे देश आपली लोकसंख्या नोंदवहीतील पत्त्यांवरून थेट चौकोनांत मोजतात; तिथे इमारतींवरून माणसे वाटण्याची गरजच पडत नाही आणि वर सांगितलेला मुख्य दोष गळून पडतो. इतर देशांनीही पुढच्या जनगणनेत घराघराचे स्थान नोंदवून, खासगीपणा जपत, एक किलोमीटरच्या चौकोनातील बेरजा प्रसिद्ध केल्या, तर या साधनातून निघणारे उपनगर आणि शहर यांचे आकडे खऱ्या मोजणीचे असतील, आणि तीस हजारांच्या शहरालाही ते तितक्याच विश्वासाने लावता येतील.